उष्णतेची मोट : गच्चीवरच्या एसीची वीज कुठे जाते आणि कशी वाचते

मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी मुंबई-पुण्यातल्या कार्यालयीन इमारतीच्या, रुग्णालयाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या गच्चीवर गेलात, तर पाण्याच्या टाक्यांच्या पलीकडे पत्र्याच्या पेट्यांची एक रांग घरघरताना दिसेल. कुठे त्या डक्टेबल, म्हणजे पत्र्याच्या बोगद्यातून (डक्टमधून) थंड हवा पोचवणाऱ्या, एसीच्या बाहेरच्या पेट्या असतात, कुठे व्हीआरएफच्या, म्हणजे एका बाहेरच्या पेटीवर अनेक खोल्या थंड करणाऱ्या यंत्रणेच्या, तर कुठे चिलर नावाचे पाणी थंड करणारे मोठे यंत्र असते. नाव काहीही असले तरी त्यांच्याजवळ दोन मिनिटे उभे राहणे कठीण जाते, कारण पंख्यांतून भट्टीच्या तोंडाशी लागते तशी हवा अंगावर येते. खालच्या मजल्यांवर स्वेटर घालून बसलेल्या माणसांच्या खोल्यांतून काढलेली उष्णता ती हीच.

वातानुकूलित इमारतीच्या वीजबिलातला सर्वांत मोठा वाटा बहुतेक वेळा या पेट्यांचा असतो. तरीही गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते आणि सर्व्हिसिंगला येणाऱ्या मुलाखेरीज तिकडे कोणी फिरकत नाही. एसीची कार्यक्षमता म्हणजे विकत घेताना मोजायचे तारे, अशी आपली समजूत असते, आणि एकदा यंत्र बसले की तो विषय संपला असे आपण धरून चालतो. यंत्राची जात महत्त्वाची आहेच. पण तेच यंत्र एका गच्चीवर जितकी वीज घेते त्यापेक्षा दुसऱ्या गच्चीवर चांगली पाव हिश्शाने जास्त घेऊ शकते, आणि हा फरक कुठून येतो हे समजण्यासाठी एसी नेमके काय करतो ते आधी पाहावे लागते.

खोल विहीर, उथळ विहीर

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. पाणी जसे आपणहून उताराकडे वाहते तशी उष्णता आपणहून गरम जागेकडून थंड जागेकडे जाते, त्यामुळे तिला २४ अंशांच्या खोलीतून काढून ४० अंशांच्या गच्चीवर टाकायचे म्हणजे पाणी चढावर नेण्यासारखेच काम आहे. पूर्वी विहिरीवर मोट चालत असे, तेव्हा बैलांना किती ओढावे लागे हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरत असे : पाणी किती खोल आहे, आणि किती पाणी वर काढायचे आहे. एसीमध्ये बैलजोडीच्या जागी कॉम्प्रेसर असतो, आणि त्याची वीजही याच दोन गोष्टींवर ठरते.

खोलीतली हवा ज्या कॉइलवरून फिरवली जाते तिच्या नळ्यांत एक द्रव असतो, ज्याला सर्व्हिसिंगवाले नुसते ‘गॅस’ म्हणतात. हा द्रव तिथल्या कमी दाबाखाली सुमारे ५ अंशांनाच उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता खोलीच्या हवेतून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून गच्चीवरच्या कॉइलमध्ये, म्हणजे कंडेन्सरमध्ये ढकलतो, आणि दाब वाढल्यामुळे तिचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही वर जाते; तसे ते गेले तरच ती आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होऊ शकते. नळीतून हवेत उष्णता वाहण्यासाठी दोहोंमध्ये साधारण १० ते १५ अंशांचे अंतर लागते. बाहेर ३५ अंश असतील तर कंडेन्सरमधला गॅस ५० अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. आपल्या मोटेच्या भाषेत विहिरीचे पाणी ५ अंशांवर, वरचे थारोळे, म्हणजे मोट जिथे रिती होते ते कुंड, ५० अंशांवर, आणि विहिरीची खोली ४५ अंशांची झाली.

फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली मांडलेल्या विचारातून पुढे असे सिद्ध झाले की, आदर्श यंत्रालाही लागणारी ऊर्जा विहिरीच्या या खोलीच्या प्रमाणात असते. प्रत्यक्षातली यंत्रे आदर्शापेक्षा ढोबळमानाने दुप्पट ऊर्जा घेतात, पण प्रमाण बहुतांशी तसेच राहते. याचा अर्थ असा की, थारोळे ५० अंशांवरून ६० अंशांवर गेले तर खोली ४५ची ५५ होते आणि तेवढीच थंड हवा देण्यासाठी सुमारे २२ टक्के जास्त वीज लागते. म्हणजे कंडेन्सरचे तापमान एका अंशाने उतरवले की वीज दोन टक्क्यांहून थोडी अधिक वाचते. पुढे येणारे बहुतेक सगळे उपाय या एका वाक्यात बसतात.

आता ‘टन’ या शब्दाबद्दल. बर्फाने थंड करण्याच्या काळातले हे माप आहे : २००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितक्या वेगाने उष्णता शोषून घेतो, तो वेग म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत तो साधारण साडेतीन किलोवॅट होतो. दहा टनांची यंत्रणा खोल्यांतून ३५ किलोवॅट उष्णता काढते, त्यासाठी समजा ११ किलोवॅट वीज घेते, आणि गच्चीवर दोहोंची बेरीज, ४६ किलोवॅट उष्णता टाकते. यंत्राने घेतलेली वीजही शेवटी उष्णता होऊन गच्चीवरच येते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण अकार्यक्षम यंत्र आपली गच्ची आणखी तापवते आणि त्या तापलेल्या गच्चीवर आणखी अकार्यक्षम होते.

लेबलावरचे ३५ अंश

घरगुती एसीच्या लेबलावर जो हंगामी कार्यक्षमतेचा आकडा असतो तो २०१८ पासून बंधनकारक झाला. बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान बदलते आणि वर्षात १६०० तास यंत्र चालते असे धरून ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने तो ठरवला आहे. यंत्राची पूर्ण क्षमता मात्र बाहेर ३५ अंश असताना मोजतात, आणि मोठ्या यंत्रणांच्या माहितीपत्रकांतले आकडेही सहसा त्याच ३५ अंशांचे असतात. हे ३५ अंश कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या हवेचे आहेत, शहराचे नाहीत. हवामान खाते तापमान मोजते ते जमिनीपासून वर, सावलीत, वारा खेळत्या पेटीत. तुमच्या कंडेन्सरला मिळते ती हवा उन्हात भाजलेल्या कोब्यावरून आलेली असते आणि पुष्कळदा शेजारच्या पेटीने नुकतीच बाहेर टाकलेली असते.

ही दुसरी गोष्ट सर्वांत महाग पडते आणि सर्वांत कमी पाहिली जाते. कंडेन्सरमधून बाहेर पडणारी हवा आत शिरलेल्या हवेपेक्षा १० अंशांच्या आसपास गरम असते. पेट्या एकमेकींना चिकटून लावल्या, एकीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे केले, किंवा उंच कठड्याच्या कोपऱ्यात दाटीने बसवल्या, की ही गरम हवा वर निघून जाण्याऐवजी फिरून पुन्हा आत ओढली जाते. दिसायला वाईट म्हणून पेट्यांभोवती जाळीच्या किंवा पट्ट्यांच्या भिंती उभारणे, पाऊस लागू नये म्हणून वर पत्र्याचे छप्पर घालणे, ही तर आपल्याकडची खास हौस. पेटी पावसात राहण्यासाठीच बनवलेली असते. तिच्या पंख्यावर दोन फुटांवर पत्रा घालणे म्हणजे चुलीचे धुराडे बुजवण्यासारखे आहे. सावली करायचीच तर ती पंख्याच्या वाटेत न येता, पेटीच्या बाजूने आणि उंचावर करावी; तिचा फायदा होतो, पण मोकळ्या हवेच्या तुलनेत तो थोडा असतो. पूर्ण सावलीसाठी हवा कोंडली तर व्यवहार तोट्याचा ठरतो.

हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. दुपारी तीनच्या सुमारास, सगळ्या पेट्या चालू असताना, साधा डिजिटल तापमापक घेऊन गच्चीच्या वाऱ्याच्या बाजूच्या सावलीत एकदा आणि प्रत्येक कंडेन्सरच्या हवा आत शिरण्याच्या बाजूला एकदा हवेचे तापमान घ्यावे. दोहोंत एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक असेल तर ठीक. पाच-सहा अंशांचा असेल तर त्या एसीच्या विजेतले दहा-बारा टक्के त्या कोपऱ्यात जळत आहेत असे समजायला हरकत नाही. उपाय बहुतेक लोहारकामाचे असतात : पेट्या उंच चौकटीवर घेणे, दोन रांगांत अंतर वाढवणे, गरम हवा सरळ वर नेणारी पत्र्याची मान पंख्यावर बसवणे, पट्ट्यांची भिंत काढून टाकणे. उंच इमारतींत प्रत्येक मजल्याच्या बाहेर एकावर एक अशा पेट्या टांगलेल्या असतात तिथे खालच्यांची गरम हवा चढत वरच्यांच्या नाकात जाते, आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचा एसी ‘नीट थंड करत नाही’ अशी तक्रार सुरू होते. त्यात त्या एसीचा दोष नसतो.

धूळ, खारा वारा आणि ‘गॅस संपला’

कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांत, ज्यांना फिन्स म्हणतात, धूळ बसली की हवा कमी जाते आणि १०-१५ अंशांचे अंतर वाढत जाते. म्हणजे थारोळे पुन्हा वर चढते. शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटची धूळ, झाडे असतील तर शेवरीचा कापूस, आणि कबुतरे तर सगळीकडेच. फिन्स सौम्य दाबाच्या पाण्याने धुवाव्या लागतात. जोराचा फवारा मारला तर त्या वाकतात आणि धुण्याआधीपेक्षा जास्त नुकसान होते. मुंबईत आणि गोव्यात समुद्राकडून येणारा खारा वारा ॲल्युमिनियम खातो, म्हणून तिथे फिन्सवर संरक्षक लेप असलेली कॉइल घेणे आणि पावसाळ्याव्यतिरिक्तच्या महिन्यांत ती गोड्या पाण्याने धूत राहणे आवश्यक असते. पावसाळ्यात हे काम बऱ्याच अंशी फुकट होते.

‘गॅस संपला, भरावा लागेल’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की गॅस पेट्रोलसारखा जळून संपतो असेच अनेकांना वाटते. तो बंद नळ्यांत फिरत असतो आणि संपत नाही; कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. गळती न शोधता वरून भरत राहणे म्हणजे फुटक्या मोटेने पाणी काढणे. प्रमाणापेक्षा कमी गॅस असला की आतली कॉइल पूर्ण वापरली जात नाही, विहिरीचे पाणी आणखी खाली जाते आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. प्रमाणापेक्षा जास्त भरला तर कंडेन्सरचा काही भाग द्रवाने भरून जातो आणि थारोळे वर जाते. म्हणून गॅस अंदाजाने न भरता वजनकाट्यावर तोलून, यंत्रावरच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरला पाहिजे, आणि वार्षिक देखभालीच्या करारात हे स्पष्ट लिहून घ्यावे. गच्चीवरच्या देखभालीत याहून स्वस्त आणि याहून जास्त दुर्लक्षित गोष्ट शोधून सापडणार नाही.

नागपूरचा कूलर मुंबईत का चालत नाही

विदर्भातल्या माणसाला पुढचा उपाय समजावून सांगावा लागत नाही. कूलरच्या ओल्या गवतातून, त्याआधीच्या काळात वाळ्याच्या ताटीतून, हवा ओढली की पाण्याचे बाष्प होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि हवा थंड होते. कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या हवेच्या वाटेत अशा ओल्या गाद्या, म्हणजे कूलिंग पॅड, लावले तर कंडेन्सरपुरता दिवस सौम्य होतो.

तो किती सौम्य होईल हे हवेच्या कोरडेपणावर ठरते. नागपुरात मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि १८ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक साधारण २४ अंश दाखवतो. ही बाष्पीभवनाने गाठता येणारी सीमा. चांगल्या पॅडमधून त्या १९ अंशांपैकी दोन-तृतीयांश जरी मिळाले तरी कंडेन्सरला ४३ऐवजी ३० अंशांची हवा मिळते, आणि ऐन दुपारी, जेव्हा सगळ्या इमारतीचा भार कळसाला असतो, तेव्हा कॉम्प्रेसरची पाव हिश्शाच्या आसपास वीज वाचू शकते. महावितरणच्या व्यापारी आणि औद्योगिक बिलात वापरलेल्या युनिटांखेरीज ‘मागणी आकार’ही असतो, जो महिन्यातल्या सर्वोच्च मागणीवर ठरतो, त्यामुळे दुपारच्या कळसाला कापलेली मागणी दोनदा उपयोगी पडते. मुंबईत मात्र ३३ अंश तापमान आणि ६८ टक्के आर्द्रता असताना तीच सीमा २८ अंशांना येते. पाच अंशांपैकी तीन मिळतील, त्यासाठी पाणी, पंप, शेवाळे आणि डासांची काळजी घ्यावी लागेल. मुंबईत हा उद्योग करू नये असेच मी म्हणेन.

नागपुरातही दोन पथ्ये आहेत. पाणी थेट कॉइलवर फवारायचे नाही, कारण बोअरच्या जड पाण्यातले क्षार फिन्सवर बसून थोड्याच काळात कॉइल दगडासारखी होते. पाणी पॅडवरच राहिले पाहिजे. दुसरे म्हणजे पाण्याचा हिशेब : एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे ०.६८ किलोवॅट-तास उष्णता खर्ची पडते, त्यामुळे मोठ्या यंत्रणेला दिवसाकाठी बरेच पाणी लागते. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या इमारतीने हा हिशेब आधी करावा. त्याखेरीज ओल्या पॅडमुळे हवेला अडथळा होतो, म्हणून उन्हाळा सरला की पॅड काढून ठेवायचे असतात. ते बारा महिने तसेच राहिले तर उन्हाळ्यात कमावलेले हिवाळ्यात गमावले जाते.

पंख्याचे गणित आणि अमेरिकेतल्या ६६ पेट्या

आतापर्यंत विहिरीच्या खोलीबद्दल बोललो. पण यंत्र निवडले जाते ते वर्षातल्या सर्वांत कडक दुपारसाठी, आणि उरलेल्या हजारो तासांत त्याला पूर्ण ताकदीची गरजच नसते. साधे यंत्र मग काय करते, तर पूर्ण जोराने चालते, थांबते, पुन्हा चालते. इन्व्हर्टर म्हणतात तो प्रकार कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो. त्याची बचत ‘चालू-बंद वाचते’ म्हणून होते असे सहसा सांगितले जाते, पण मुख्य कारण वेगळे आहे. निम्म्या भाराला निम्मीच उष्णता त्याच मोठ्या कॉइलमधून न्यायची असते, त्यामुळे १०-१५ अंशांऐवजी ५-७ अंशांचे अंतर पुरते, आणि विहीर दोन्ही बाजूंनी उथळ होते.

पंख्यांच्या बाबतीत गणित याहून नाट्यमय आहे. पंख्याने ढकललेली हवा वेगाच्या प्रमाणात बदलते, पण त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर हवा ८० टक्के मिळते आणि शक्ती जवळपास निम्मी, ५१ टक्के लागते; वेग निम्मा केला तर कागदावर शक्ती एक-अष्टमांश होते. मोटरच्या आणि नियंत्रकाच्या घटीमुळे प्रत्यक्षात इतकी होत नाही, तरीही वेग थोडा उतरवला की वीज बरीच वाचते.

याचा सर्वांत चांगला पुरावा अमेरिकेतून येतो. तिथल्या सपाट छपरांच्या एक-दोन मजली दुकानांवर, शाळांवर आणि मॉलवर ज्या मोठ्या पेट्या असतात, ज्या न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या मराठी माणसाला पार्किंगमधून रोज दिसतात, त्या आपल्यासारख्या अर्ध्या नसून पूर्ण एसी असतात : कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल, फिल्टर, खोलीत हवा ढकलणारा पंखा, बाहेरची ताजी हवा घेणारी झडप, सगळे एकाच पेटीत, आणि खालून सरळ डक्ट. तिथल्या व्यापारी इमारतींचे जवळपास निम्मे क्षेत्रफळ या पेट्या थंड करतात. ताजी हवा मिळत राहावी म्हणून त्यांचा पंखा, कॉम्प्रेसर बंद असतानाही, दुकान उघडे असेपर्यंत पूर्ण वेगाने फिरत राहतो. पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत आठ इमारतींवरच्या ६६ जुन्या पेट्या घेतल्या. त्या बदलल्या नाहीत, फक्त पंख्याचा वेग बदलणारे नियंत्रक आणि ताजी हवा गरजेपुरती घेणारी यंत्रणा त्यांना जोडली. पेट्यांची वीज सरासरी ५७ टक्क्यांनी घटली. सर्वांत कमी घट २२ टक्के होती आणि सर्वांत जास्त ९०. त्यातली बहुतेक बचत पंख्याची होती.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करू नयेत. तिथल्या पंख्यांना वर्षभर, थंडीतही फिरावे लागते, आणि आपल्याकडे वर्षातला बराच काळ कॉम्प्रेसरच जास्त वीज खातो. पण आपल्याही डक्टेबल यंत्रणांत आणि चिलरवर चालणाऱ्या एएचयूमध्ये, म्हणजे मजल्यावरच्या हवेच्या मोठ्या पेटीत, पंखा एकाच वेगाने बारा-बारा तास फिरताना दिसतो, सभागृह भरलेले असो वा रिकामे. नवे यंत्र घेण्याआधी इथे वेगनियंत्रक बसवणे हा विचार करण्यासारखा पहिला खर्च आहे.

बाहेरची हवा : कधी ओझे, कधी देणगी

माणसे कोंडलेल्या जागेत ताजी हवा हवीच, पण ती फुकट नसते. मुंबईत जुलैमध्ये बाहेर २८ अंशच असतात, तरी ती हवा इतकी दमट असते की तिला थंड करण्यापेक्षा वाळवण्यातच जास्त शक्ती जाते. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या प्रत्येक लिटर पाण्यामागे वर सांगितलेले ०.६८ किलोवॅट-तास उष्णतेचे ओझे यंत्राने उचललेले असते. शंभर माणसांसाठी ठरवलेली ताजी हवा वीस माणसे असतानाही घेत राहणे म्हणून महागात पडते. खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा संवेदक लावून झडप त्यानुसार उघडझाप करणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे : बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो, आणि आत हजाराच्या आत राहिला तर हवा पुरेशी ताजी आहे असे व्यवहारात मानतात.

पुण्या-नाशिकची गोष्ट निराळी. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तिथे बाहेर १२ ते १८ अंशांची कोरडी हवा असते, आणि त्याच वेळी संगणकांनी आणि माणसांनी भरलेल्या आतल्या दालनांत एसी चालू असतो. बाहेर जे फुकट आहे ते आत वीज जाळून बनवले जात असते. अशा वेळी कॉम्प्रेसर बंद ठेवून बाहेरची गाळलेली हवाच आत घेणारी झडप, जिला इकॉनॉमायझर म्हणतात, काही महिने सकाळ-संध्याकाळ बरीच वीज वाचवते. मात्र अमेरिकेतला अनुभव असा की या झडपा वाऱ्या-पावसात अडकून बसतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. उघडी अडकली तर मे महिन्याची हवा आत येत राहते आणि न लावलेली बरी होती असे होते. म्हणून ज्या इमारतीत वर्षातून दोनदा कोणीतरी ती हाताने हलवून पाहणार असेल तिथेच ती बसवावी.

मोटेत पाणीच कमी भरावे लागले तर

उष्णतेचे ओझे घटवण्याचे उपाय पुष्कळ आहेत, पण गच्चीशी थेट संबंध असलेले तीन. गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक घालण्याची आपल्याकडची जुनी पद्धत ऊन परतवण्यासाठी आजही उत्तम आहे. काळवंडलेल्या कोब्यावर परावर्तक पांढरा लेप दिला तरी तेच होते. त्यामुळे वरच्या मजल्यात कमी उष्णता उतरते, आणि कंडेन्सर जी हवा ओढतात तीही थोडी कमी तापलेली असते. लेप धुळीने मळतो, तेव्हा तो धुवावा लागतो. दुसरे, गच्चीवरून उघड्यावर नेलेली डक्ट. आत १३-१४ अंशांची हवा आणि बाहेर मे महिन्याचे ऊन, मध्ये एक पत्रा आणि फाटलेले इन्सुलेशन. सांध्यांतून गळणारी थंड हवा गच्चीवरच्या कबुतरांच्या उपयोगी पडते. हात फिरवून सांधे तपासणे, ते सीलंटने बुजवणे आणि इन्सुलेशनवर ऊन-पाऊस सोसणारे आवरण घालणे हे एका आठवड्याचे काम आहे.

तिसरे म्हणजे खोलीतले तापमान. १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम आहे, आणि एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. कार्नोच्या हिशेबाने एका अंशाला दोन-अडीच टक्केच यायला हवेत. उरलेली बचत यामुळे होते की खोली कमी थंड असली की भिंतींतून, काचांतून आणि ताज्या हवेतून आत येणारी उष्णताही कमी होते. विहीर उथळ होते आणि पाणीही कमी काढावे लागते.

हे सगळे झाल्यावर नव्या यंत्राचा विचार करावा, त्याआधी नव्हे, आणि या क्रमाचे कारण व्यवहारी आहे. गच्ची पांढरी झाली, डक्टची गळती थांबली, ताजी हवा गरजेपुरती येऊ लागली, की दहा टनांच्या जागी आठ टन पुरण्याची शक्यता असते. ‘अमुक चौरस फुटांना एक टन’ या ठोकताळ्याने ठेकेदार सहसा मोठेच यंत्र सुचवतो, कारण कमी थंड झाल्याची तक्रार त्याच्याकडे येते आणि जास्त वीज खाल्ल्याची येत नाही. मोठे यंत्र दमट हवेत आणखी एक खोड काढते : खोली पटकन थंड करून ते थांबते, हवा वाळायला वेळच मिळत नाही, आणि पावसाळ्यात गार पण चिकट हवा होते, मग लोक तापमान आणखी खाली आणतात. म्हणून ठेकेदाराकडून उष्णतेच्या भाराचा लेखी हिशेब मागावा, माहितीपत्रकातली क्षमता ३५ अंशांची आहे की आपल्या गच्चीवर मोजलेल्या तापमानाची ते विचारावे, आणि अर्ध्या भारावरची कार्यक्षमता किती हेही विचारावे, कारण यंत्र वर्षातला बहुतेक काळ तिथेच चालणार असते. जुन्या यंत्रात आर-२२ असेल तर ओझोनसाठीच्या माँट्रियल करारानुसार तो गॅस बाजारातून जातो आहे, त्यामुळे ते दुरुस्त करत बसण्यात अर्थ उरलेला नाही. नव्यांत आर-४१०एपेक्षा आर-३२ हवामानाला कमी घातक आहे. तापमानवाढीची त्यांची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या अनुक्रमे २०८८ आणि ६७५ पट धरतात. मात्र आर-३२ किंचित ज्वलनशील असल्याने त्याचे प्रशिक्षण घेतलेलाच तंत्रज्ञ बोलवावा लागतो.

आणि जे काही कराल त्याच्या आधी गच्चीवरच्या यंत्रणेला स्वतंत्र मीटर लावून घ्यावा. इमारतीच्या एकत्रित बिलात लिफ्ट, पंप, दिवे आणि पाहुण्यासारखे येणारे सणवार मिसळलेले असतात, त्यामुळे कॉइल धुतल्याने काय झाले आणि पॅड लावल्याने काय झाले हे त्यातून कधीच कळत नाही. मीटरचे रोजचे युनिट आणि त्या दिवसाचे कमाल तापमान वॉचमनच्या वहीत शेजारी-शेजारी लिहिले, तर एका उन्हाळ्यात कोणता खर्च फेडला गेला आणि कोणता नाही हे वहीतच दिसते.